आकाशांतील पुण्याई

'फुकट' या शब्दांत जी मोहिनी आहे, ती मराठी भाषेंतील दुसऱ्या कोणत्याहि शब्दांत असेल असें मला वाटत नाहीं. एरवीं भाजीवालीशीं घासाघीस करण्यास लाजणारा सुशिक्षित गृहस्थहि हा शब्द कानांवर पडतांच मान वळवितो. फुकटची वस्तु निरुपयोगी असली, तरी ती सोडून देणें हा आपल्या व्यवहारचातुर्याचा अपमान आहे असें त्याला वाटतें. मनुष्यस्वभावाची ही नस ज्यांनीं अचूक ओळखली, त्यांत आधुनिक विमानकंपन्यांचा क्रमांक फार वरचा लागेल. फुकट प्रवासाचें आमिष दाखवून त्यांनीं लाखों शहाण्या माणसांना विकतचा प्रवास करावयास लावलें आहे.

वारंवार विमानानें जाणाऱ्या प्रवाशाला कंपनी प्रत्येक फेरीबद्दल कांहीं 'पॉइंट' बहाल करते. ते पुरेसे सांचले म्हणजे त्यांच्या मोबदल्यांत एक तिकीट मिळतें. या पॉइंटांना मी येथें गुण असेंच म्हणणार आहें. एक तर सारा जन्म गुण देण्यांत गेल्यामुळें तो शब्द माझ्या तोंडीं बसला आहे. आणि दुसरें असें कीं, हे गुण मिळविण्यासाठीं अंगीं कोणताहि गुण असावा लागत नाहीं, ही गोष्ट त्या शब्दामुळें सारखी ध्यानांत राहते.

ही कल्पना मूळची अमेरिकेंतील. १९७८ सालीं तेथील सरकारनें कायदा करून विमानभाड्यांवरील आपलें नियंत्रण काढून घेण्यास प्रारंभ केला, आणि तोंवर सुखानें नांदणाऱ्या कंपन्यांना एकमेकींचीं गिऱ्हाइकें पळविण्याची मोकळीक मिळाली. १९८१ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस अमेरिकन एअरलाइन्सनें आपली गुणयोजना सुरू केली. त्याच महिन्यांत युनायटेड या प्रतिस्पर्धी कंपनीनें तिचें अनुकरण केलें, आणि पाहतां पाहतां हें लोण जगभर पोंचलें. तसें पाहूं गेल्यास युक्ति जुनीच होती. अमेरिकेंत १८९६ सालीं स्थापन झालेली स्पेरी आणि हचिन्सन ही पेढी दुकानदारांना हिरवीं तिकिटें विकत असे. दुकानदार तीं खरेदीबरोबर गिऱ्हाइकाला देत, आणि घरोघरच्या गृहिणी तीं वहींत चिकटवून त्या वह्यांच्या बदल्यांत संसारोपयोगी वस्तु आणीत. विमानकंपन्यांनीं एवढेंच केलें कीं, वहीच्या जागीं आंकडा आणला आणि भांड्याकुंड्यांच्या जागीं आकाश.

असें तिकीट फुकट देऊन कंपनी बुडत कशी नाहीं, असा प्रश्न माझ्यासारख्या अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसाला पडतो. त्याचें उत्तर आमच्या मंडईंत मिळालें. सकाळीं मेथीच्या जुडीला हात लावूं न देणारी बाई दिवेलागणीला तीच जुडी आपण होऊन पिशवींत टाकते. कारण रात्र उलटली कीं त्या मेथीला कोणी विचारणार नसतें. विमानांतील रिकामी खुर्ची ही त्या मेथीहूनहि नाशवंत. दार बंद झालें कीं तिची किंमत शून्य. ती खुर्ची गुणांवर दिली तर कंपनीच्या पदरचें फारसें कांहीं जात नाहीं. आणि ती मिळेल या आशेनें प्रवासी मात्र वर्षभर दुसऱ्या कंपनीकडे फिरकत नाहीं. कोणत्या तारखेला किती खुर्च्या गुणांवर द्यावयाच्या, हें ठरविण्याचा अधिकारहि कंपनीच्याच हातीं असतो. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटींत ज्यांना गुणांवर तिकीट हवें असेल त्यांना या अधिकाराचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

आतां या गुणांचें मोल किती, तें पाहूं. समजा, एक तिकीट रोख ६,००० रुपयांस मिळतें, आणि तेंच १२,००० गुण व कर वगैरेंचे १,२०० रुपये देऊनहि मिळतें. म्हणजे १२,००० गुणांनीं आपले ४,८०० रुपये वांचले. एका गुणाची किंमत ४० पैसे झाली. आतां दुसरी बाजू. हे गुण मिळावेत म्हणून स्वस्त विमान सोडून आपण दीड हजार रुपयांनीं महाग असलेल्या विमानानें गेलों, आणि त्याबद्दल ५०० गुण पदरांत पडले, तर एक गुण आपणांस तीन रुपयांस पडला. तीन रुपयांस घेतलेली वस्तु चाळीस पैशांस विकणाऱ्या वाण्याला आपण वेडा म्हणूं. पण तोच वाणी विमानतळावर भेटला तर आपण त्याला अनुभवी प्रवासी म्हणतों. हा हिशेब चौथी इयत्तेंतील मुलाला येण्यासारखा आहे. तरीहि माझ्या ओळखीच्या कांहीं पदवीधरांना तो कधीं मांडावासा वाटलेला नाहीं.

या जुगारांत कंपनीवर मात करणारा कोणी निघालाच नाहीं असें मात्र नाहीं. १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील एका इंजिनियरानें एका खाद्यपदार्थाच्या कंपनीची जाहिरात बारकाईनें वाचली. वेष्टनावरील खुणेचे कागद पाठविल्यास विमानाचे मैल मिळतील असें तींत होतें. त्यानें हिशेब केला आणि सुमारे ३,१४० डॉलर खर्चून पुडिंगच्या १२,१५० वाट्या विकत घेतल्या. एवढ्या वाट्यांचे कागद सोडवावयाचे कोणीं? त्यानें तें सारें पुडिंग सॅल्व्हेशन आर्मीस दान केलें आणि तेथील स्वयंसेवकांनीं त्याला कागद काढून दिले. त्याला साडेबारा लाख मैल मिळाले, आणि वर दानाबद्दल प्राप्तिकरांतहि सवलत मिळाली. या गृहस्थाविषयीं मला मनापासून आदर वाटतो. परंतु लॉटरींत एकाला बक्षीस लागल्याची बातमी छापून येते ती लॉटरीच्या हितासाठींच असते, हेंहि मी विसरत नाहीं.

हे गुण म्हणजे एक प्रकारचें नाणेंच आहे, असें कांहीं लोक म्हणतात. पेशवाईंतहि निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. अंकुशी रुपया निराळा, चांदवडी निराळा. आणि सराफ त्यांचा कस पाहून बट्टा कापून घेई. पण बट्टा कितीहि कापला तरी हातांत चांदी राहत असे. या नव्या नाण्याची टांकसाळ, सराफी आणि न्यायकचेरी हीं तिन्ही एकाच कंपनीच्या घरांत आहेत. कालपर्यंत दहा हजार गुणांस मिळणारें तिकीट उद्यां पंधरा हजारांस मिळूं लागलें, तर दाद कोणाकडे मागावयाची? बहुतेक कंपन्यांच्या नियमांत तर हे गुण सभासदाची मालमत्ता नव्हेत असें स्वच्छ लिहिलेलें असतें. २०१५ सालीं डेल्टा आणि युनायटेड यांनीं, आणि त्यानंतरच्या वर्षीं अमेरिकन एअरलाइन्सनें, किती मैल गेलांत याऐवजीं किती पैसे मोजलेत यावर गुण देण्यास सुरुवात केली. दूरचा प्रवास स्वस्तांत करणाराची पुण्याई एका फटक्यासरशीं उतरली.

आपल्याकडील इतिहास याहून उद्बोधक आहे. २०१२ च्या ऑक्टोबरांत किंगफिशरचीं विमानें जमिनीवर आलीं, आणि सभासदांनीं जमविलेल्या गुणांना कोणी वाली उरला नाहीं. २०१९ च्या एप्रिलांत जेट एअरवेजचें उड्डाण थांबलें. तिची गुणयोजना एका निराळ्या कंपनीकडे असल्यामुळें गुण नांव बदलून मागें उरले. परंतु ज्या विमानांसाठीं लोकांनीं ते जमविले होते, तीं विमानेंच उडेनाशीं झालीं. २०२४ च्या नोव्हेंबरांत विस्तारा एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हां तिच्या सभासदांचे गुण नव्या घरीं सुखरूप पोंचले, हें त्यांचें भाग्य.

उलट, कंपनीच्या दृष्टीनें या आंकड्यांचें मोल केवढें आहे, तें २०२० सालीं उघड झालें. साथीमुळें विमानें उभीं होतीं आणि पैशाची चणचण होती. त्या वेळीं युनायटेडनें आपली गुणयोजनाच तारण ठेवून कर्ज उभारलें, आणि त्या योजनेची किंमत तिनें सुमारे २,२०० कोटि डॉलर लावली. खुद्द कंपनीच्या सर्व भागांची तेव्हांची बाजारांतील किंमत याहून पुष्कळच कमी होती. याचें कारण असें कीं, कंपन्या हे गुण बँकांना घाऊक विकतात, आणि बँका ते आपल्या कार्डांवरून तुम्हां-आम्हांला वांटतात. विमान न उडवितांहि गुण विकतां येतात. घोड्यापेक्षां घोड्याची नाल महाग ठरावी, तसा हा प्रकार आहे.

परंतु पैशाचा हिशेब हा या विषयाचा सोपा भाग झाला. अवघड भाग निराळाच आहे. विमानानें वारंवार जाणारा मनुष्य बहुधा स्वतःच्या पैशानें जात नसतो. तिकिटाचे पैसे मालक देतो, आणि गुण नोकराच्या नांवावर पडतात. मालकाच्या पैशानें नोकराला खूष करावयाचें, ही या योजनेची खरी मेख होय. मग हे गुण कोणाचे? जर्मनींत या प्रश्नानें २००२ सालीं मोठेंच वादळ उठविलें. सरकारी प्रवासांत मिळालेले मैल खासगी प्रवासासाठीं वापरले म्हणून बर्लिनच्या मंत्रिमंडळांतील ग्रेगोर गीझी यांनीं राजीनामा दिला. अमेरिकेंत त्याच्या आदल्याच वर्षीं कायद्यानें सरकारी नोकरांना असे मैल स्वतःसाठीं ठेवण्याची मुभा मिळाली होती. आपल्या केंद्र सरकारचा आदेश याच्या उलट आहे: सरकारी तिकिटावरील गुण सरकारी प्रवासासाठींच वापरावेत, खासगी कामासाठीं नव्हे. एकाच आंकड्यावर तीन देशांचीं तीन मतें!

हा प्रश्न आमच्या घरांतहि आला. एका विद्यापीठाच्या समितीवर माझी नेमणूक झाली होती, आणि तिच्या बैठकांसाठीं पांच-सहा वर्षें मला पुण्याहून दिल्लीस जावें लागे. तिकीट विद्यापीठाचें, गुण माझ्या नांवावर. समितीची मुदत संपत आली तेव्हां खात्यावर ३०,१४० गुण जमले होते. विद्यापीठाचा याविषयीं कांहींच नियम नव्हता. माझें मत असें कीं, ज्याचा पैसा त्याचे गुण. मीं तें घरीं बोलून दाखविलें, तेव्हां माझ्या पत्नीनें भाजी निवडतां निवडतां विचारलें, "अहो, पहांटेच्या विमानासाठीं तुम्ही तीन वाजतां उठत होतां, तेव्हां चहाचें आधण कोण ठेवीत होतें? त्या मोडलेल्या झोपेचे गुण कोणत्या विद्यापीठाच्या खात्यांत जमा झाले, तेवढें सांगा."

जर्मनींतील वादांत हा मुद्दा कोणीं मांडला होता कीं नाहीं, मला माहीत नाहीं; मला मात्र त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. तरीहि शेवटच्या बैठकीस मीं १२,००० गुण खर्चून तिकीट काढलें, आणि विद्यापीठाकडे फक्त करांच्या रकमेचें बिल पाठविलें. तें तीन आठवड्यांनीं परत आलें. वर शेरा होता: "मूळ भाड्याची पावती जोडलेली नाहीं, सबब बिल मंजूर करतां येत नाहीं." भाडें दिलेंच नाहीं, असें मीं कळविलें. त्यावर, भाडें न देतां प्रवास कसा केला याचा खुलासा मागविण्यांत आला. तोहि मीं केला, आणि उरलेले गुणहि विद्यापीठाच्या कामीं लागावेत म्हणून काय करावें असें विचारलें. अशी रक्कम जमा करून घेण्यास हिशेबांत सदर नाहीं, असें उत्तर आलें. सरळ मार्गानें जाणाराला आपल्याकडे पत्रव्यवहार फार करावा लागतो. अखेर तेवढी करांची रक्कम मीं सोडून दिली, आणि १८,१४० गुण माझ्याच खात्यावर राहिले.

त्याच सुमारास नागपुरास पत्नीची थोरली बहीण अंथरुणास खिळली होती. डॉक्टरांनीं फारशी आशा ठेवूं नका म्हणून सांगितलें होतें. आमची मिळकत प्राध्यापकाची. तशांत मुलीच्या शिक्षणाचें वर्ष. आगगाडीच्या रात्रभराच्या प्रवासानें पत्नीची कंबर धरते, आणि ऐन वेळचें विमानाचें तिकीट अंगावर कांटा आणणारें होतें. १७,००० गुण देऊन जाण्यायेण्याचें तिकीट मिळालें. कर मीं रोख भरले. ती नागपुरास आठ दिवस राहिली. दोघी बहिणींनीं लहानपणच्या वाड्यांतील सगळ्या भाडेकरूंचीं नांवें आठवून काढलीं, आणि एकमेकींचे केस विंचरले. परतल्यावर तिनें मला एवढेंच सांगितलें. पुढच्या महिन्यांत बहीण गेली. त्या गुणांची किंमत दर गुणास चाळीस पैसे धरावी कीं आणखी कांहीं, हें कोष्टक मला मांडतां येत नाहीं, आणि तें मांडण्याची मला इच्छाहि नाहीं.

मात्र गुणांचा हाच आंकडा माणसाला उलट्या दिशेनेंहि ओढून नेतो. माझा एक भाचा बंगळूरला संगणकाच्या व्यवसायांत आहे. मुलगा गुणी. आईला रोज फोन करतो, महिन्याच्या महिन्यास पैसे पाठवितो. त्याच्याजवळ एका विमानकंपनीचें सोनेरी कार्ड आहे. हें कार्ड असलें कीं रांगेंत पुढें उभें राहतां येतें, निराळ्या दालनांत बसून इडली खातां येते, आणि नोकरवर्ग नांव घेऊन नमस्कार करतो. जन्मानें येणारी पायरी आपण मोडूं पाहत आहों. ही मैलांची पायरी मात्र आपण पैसे देऊन चढतों. कार्ड टिकविण्यासाठीं वर्षाला ठराविक फेऱ्या व्हाव्या लागतात. एका वर्षीं डिसेंबरअखेर त्याला दोन फेऱ्या कमी पडल्या. तेव्हां हा पठ्ठ्या एका रविवारीं सकाळच्या विमानानें चेन्नईस गेला आणि विमानतळाबाहेर पाऊलहि न टाकतां दुपारच्या विमानानें परत आला. त्याच रविवारीं तो मिरजेस यावयाचा होता. आक्कानें त्याच्यासाठीं अनारसे करून ठेवले होते. पण मिरजेस विमान जात नाहीं, आणि राणी चन्नम्मा गाडीनें आईकडे गेल्याबद्दल कोणी गुण देत नाहीं.

मीं आक्काला तें चेन्नईचें प्रकरण समजावून सांगितलें. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "अरे, वारकऱ्याला गर्दींत आंत जातां आलें नाहीं तर तो कळस तरी पाहून येतो. यानें काय पाहिलें?" मग डबा उघडून तिनें माझ्यापुढें अनारसे ठेवले. २००९ सालच्या एका इंग्रजी बोलपटाचा नायक एक कोटि मैल पुरे करण्याच्या ध्यासानें वर्षभर आकाशांत फिरत राहतो. त्याच्या चरित्रावर झालेली टीका मीं वाचली आहे. आक्काची टीका मला अधिक मर्मग्राही वाटली.

अशा निष्कारण फेऱ्यांचा भार शेवटीं आकाशावरहि पडतो. माणसांच्या उद्योगानें हवेंत जाणाऱ्या कर्बवायूपैकीं सुमारे अडीच टक्के विमानांमुळें जातो. २०१९ सालीं ब्रिटनच्या हवामान-समितीसाठीं लिहिलेल्या एका अहवालांत, लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील एका संशोधकानें या गुणयोजना बंद कराव्यात अशी सूचना केली होती. कारण त्या नको असलेला प्रवास करावयास शिकवितात. ती सूचना अंमलांत आली नाहीं. माणसाला नको असलेलें करावयास लावणाऱ्या गोष्टी सहसा बंद होत नसतात.

पुण्य क्षीण झालें कीं स्वर्गांतून पुन्हां मर्त्यलोकीं यावें लागतें, अशी आपली जुनी श्रद्धा आहे. या श्रद्धेंत एक शहाणपण होतें. पुण्य हें खर्चावयाचें असतें, आणि खर्चलें कीं संपतें, हें तिनें कधीं लपविलें नाहीं. शिवाय चित्रगुप्त दर एप्रिलास आपले दर बदलीत नसे. कंपनीच्या वहींतील पुण्याईला कोणी भुलावें असें मला वाटत नाहीं. पण सहज, दुसऱ्या कामानें जातां येतां ती पदरीं पडलीच, तर ती सांठवून ठेवण्यापेक्षां लवकर, आणि शक्य तर दुसऱ्या कोणासाठीं, खर्चून टाकावी.

माझ्या खात्यावर अद्याप १,१४० गुण शिल्लक आहेत. येत्या मार्चअखेर ते रद्द होतील, आणि ते वांचविण्यासाठीं तत्पूर्वीं मीं एकदां विमानानें प्रवास करावा, असें कंपनीचें पत्र दर महिन्यास येतें. भाषा फार गोड असते. पण मार्चपूर्वीं मला मिरजेखेरीज कोठेंहि जावयाचें नाहीं.